पेन्सिल आणि पातं

कॅफेवाल्याला ती चार फुटी हवी आहे.
फोंतेंयच्या भिंतीवर, पिवळ्या रंगावर
उठून दिसेल, म्हणतो.
व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं जुनं पोस्टकार्ड:
कुणबीण, कमरेला कोयता, मागे रंगवलेलं रान,
खाली छापील पोर्तुगीजमध्ये
'कुरुंबीण. गोव्याचा नमुना.'
कोपऱ्यात शिक्का, फोतोग्राफिया मिनेझिश, पणजी.

शिक्का मला ओळखीचा.
आमच्याकडे एका वहीवर तोच आहे.

माझा पणजोबा सगुण चितारी, मूळ कुंकळ्ळीचा.
लाखेचे पाट, पाळणे रंगवायचं सोडून
आर्कांज मिनेझिशच्या माडीवर काचा दुरुस्त करायला बसला.
महिना नऊ रुपये, दुपारचं जेवण घरून.

काचेवर सगळं उलटं असतं.
पेन्सिल फिरवली की माणूस उजळतो.
पात्यानं खरवडलं की काळवंडतो.
दोन्ही कामं तो एकाच खिडकीशी करी,
मांडवीवरून येणाऱ्या एकाच उजेडात.

वही मोडीत. वाचायला मला दोन पावसाळे लागले.

'भाटकार सहकुटुंब, सात मुंडकी. पेन्सिल.
धाकट्या मुलीला जास्त, लग्नाची आहे.'

'कुणबीण, तीन काचा. पातं.
लिस्बनचं गिऱ्हाईक काळं मागतं.'

'खापरी, भाल्यासकट. पातं. ओठ वाढवले.'

भाला नाटकमंडळीतून आणलेला, बेगडी पात्याचा.
आणि तो माणूस रायबंदरचा,
पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारा.
हे कळतं, कारण पुढे लिहिलंय:
'वाद्य जिन्यात ठेवायला सांगितलं.'

कुणबिणीचंही आहे.
'खांद्यावरची गाठ सैल करवली. तीनदा सांगावं लागलं.
दोन टांगे, एक नारळ.'
तीन काचांतून ती तीन बायका झाली.
पहिल्या कार्डावर कुरुंबीण,
दुसऱ्यावर डोंगरातली रानटी,
तिसऱ्यावर नाचणारीण, तोच कोयता काढून घेऊन.
शेकडा भाव तिघींचा वेगळा.
नाव नाही.

मी भिंग घेऊन बसलो.
वाटलं, यानं कुठेतरी काहीतरी केलं असेल.
लाखेच्या पाटावर तांदळाएवढा मोर काढणारा हात,
कापडाच्या एखाद्या चुणीत
उलट्या अक्षरांत तिचं नाव कोरून ठेवलं असेल.
सगळ्या चुण्या पाहिल्या.
चुणीत चूण आहे.

मग डावीकडे, अगदी कडेला, अंगठा दिसला.
रानाला घडी पडू नये म्हणून
कुणीतरी पडदा ताणून धरलाय.
रुंद नख, टोकाला चपटं.
आमच्या घरात सगळ्यांचीच नखं तशी,
लग्नं जुळवताना बायका हात झाकून बसत.

ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये.
शंभरहून जास्त वर्षं लोकांनी तिची नजर
बुजरी म्हणून विकली,
ती त्या अंगठ्याकडे बघतेय.

दोन रेघांत पुसता आला असता त्याला.
भाटकारणीची देवी पुसली, मामलेदाराचा तिरळेपणा पुसला.
हा का राहू दिला, की घाईत राहिला?
त्या तारखेला वहीत एवढंच:
'बोटीची टपाल उद्या. शंभर प्रती.'

फोन वाजतो.
'अरे, कडेला कोणाचं तरी बोट आलंय बघ, ते काढ.
आणि काँट्रास्ट जरा वाढव ना,
आणखी डार्क केलीस की कशी अस्सल गोंयकार्न वाटेल.
शनिवारी ओपनिंग आहे. अ‍ॅडव्हान्स टाकलाय.'

टाकलाय. तीन हजार.
प्लॉटरचा हप्ता सतरा तारखेला.
'बोट राहू दे,' मी म्हणतो.
'का?'
का, ते मला फोनवर सांगता येत नाही.
'बघतो,' म्हणतो.

स्क्रीनवर एक बारीक पट्टी, तिच्यावर एक ठिपका.
डावीकडे नेला की ती उजळते,
उजवीकडे नेला की काळवंडते.
मधोमध ती कशी होती, ते या फायलीत नाहीच.

मी अंगठा ठिपक्यावर ठेवतो.
नखाच्या कडेला सकाळची शाई
अजून निघालेली नाही.